रॉकची करंगळी

"मराठी आहेस ना? मेधा म्हणालीस म्हणून विचारते. मग नीट ऐक, मला हे इंग्लिशमधून सांगता येत नाहीये," फोनवरची बाई म्हणाली. "माझ्या नवऱ्याला बोट फुटलंय. आणि तो गेल्या वर्षी वारलाय."

मेधाच्या हातातला चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. सपोर्टच्या फोनवर आजवर लोक तिच्याशी भांडले होते, रडले होते, एका आजोबांनी तर तक्रार पटावी म्हणून फोनवरच बॅगपाइप फुंकला होता. पण मेलेल्या माणसाला बोट फुटल्याची तक्रार पहिलीच.

"कुठून बोलताय तुम्ही?" तिनं विचारलं.

"स्प्रिंगफील्ड लेक्स. ब्रिस्बेनकडे. वेंडी तुस्कानो. मूळची वसईची मी. बोट परत काढता येतं का, तेवढं सांग."

ब्रिस्बेनपासून दूर, मॉसन लेक्सच्या घरात, मागच्या खोलीत बसून मेधा ज्या कंपनीसाठी काम करायची, ती बॅगपाइप, आयरिश बासरी, फिडल असल्या वाद्यांचं नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर बनवायची. सूर टाइप करायचे, कागदावर छापायचे, नाहीतर कॉम्प्युटरकडूनच वाजवून घ्यायचे. कंपनी म्हणजे मालक ग्लेन, एक प्रोग्रामर आणि मेधा. लग्नाआधी ठाण्यात ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. नवऱ्याच्या, हृषीकेशच्या व्हिसावर इकडे आली, मुलगी चारुता शाळेत जाऊ लागली, आणि नोटेशनमधल्या चुका शोधायला कुणीतरी हवं म्हणून ग्लेननं तिला ठेवलं. बॅगपाइप तिनं सैनिकांच्या अँझॅक डेच्या परेडला लांबून ऐकला होता, तेवढाच. पण चूक कळायला वाद्य वाजवता यावं लागतं थोडंच?

चूक दिसली की मेधाच्या हाताला खाज सुटायची. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा ती लाल पेननं तपासून मगच फ्रिजवर लावायची. चारुता म्हणायची, "आई, यू कान्ट प्रूफरीड पीपल." त्यावर मेधा म्हणायची, माणसांचं नाही गं, मी फक्त कागदाचं बघते.

"आंटी, जरा पहिल्यापासून सांगाल का?" ती म्हणाली.

वेंडीनं सांगितलं. तिचा नवरा रॉक वसईला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. इकडे येऊन फॅक्टरीत लागला आणि पहिल्याच वर्षी प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची करंगळी गेली. मुळापासून. क्लॅरिनेट पेटीत गेलं ते गेलंच.

"मग शेजारी एक म्हातारा होता, पाइप बँडवाला. तो याला म्हणाला, मेट, आमच्या बॅगपाइपला सूर नऊ. करंगळीनं खालचं भोक बंद करायचं, तेव्हा सगळ्यात खालचा सूर लागतो. तुझा तेवढा एक गेला. आठ राहिले ना? त्या आठात रॉकनं सगळं आयुष्य काढलं, बाय. स्वतःची गाणी केली. माझ्या बर्थडेचं, लेकीच्या, ल्यूसीच्या बाप्तिस्म्याचं. सगळी तुमच्या त्या कॉम्प्युटरात लिहून ठेवली."

"आणि रेकॉर्डिंग?"

"नाही करू द्यायचा. मोबाइल दिसला की पाइप खाली. हात दिसेल म्हणून." वेंडी पुढे सांगू लागली. "तर मी रोज दुपारी, आर्वोला, चहा करते आणि त्याचा लॅपटॉप लावते. एक गाणं वाजवते. कॉम्प्युटरचा आवाज कसला, पत्र्याचा डबा. पण त्यात हात त्याचा असतो. परवा तुमचं ते अपडेट आलं. टायडी अप करू का, विचारलं. मी म्हटलं, कर बाबा. ओके दाबलं. गाणं सुरू झालं आणि मी उठून उभी राहिले. तो रॉक नव्हता. कोणीतरी दहा बोटांचा माणूस माझ्या घरात बसून वाजवत होता."

टायडी अप ही मेधाचीच कल्पना होती.

बॅगपाइपचा आवाज मध्येच थांबवता येत नाही. पिशवीत हवा आहे तोवर तो वाजतच राहतो. एकच सूर दोनदा वाजवायचा, तर मध्ये चिमूटभर कणस्वर टाकून तो तोडावा लागतो. या कणस्वरांचे ठरलेले गुच्छ असतात, आणि त्यातल्या बऱ्याच गुच्छांत तो सगळ्यात खालचा, करंगळीचा सूर लागतो. लोक हे गुच्छ अर्धवट लिहायचे. मेधाला ते बघवायचं नाही. शेवटी तिनं ग्लेनला सुचवलं की हे अर्धवट गुच्छ सॉफ्टवेअरनंच पुरे करून टाकावेत. ग्लेन खूश झाला, तिच्यासाठी लॅमिंग्टन केक घेऊन आला. जगभरच्या चुका एका बटणानं दुरुस्त होणार, याचा तिला किती आनंद झाला होता!

"जुन्या फाइल्सची कॉपी ठेवलीय का कुठे?" तिनं विचारलं. विचारतानाच उत्तर तिला माहीत होतं.

"कसली कॉपी? हे ऐक, रविवारी रॉकची वर्षाची मिसा आहे. मिसेनंतर चर्चबाहेर बँड त्याचं शेवटचं गाणं वाजवणार. उद्या बँडची मुलगी छापलेला कागद न्यायला येतेय. हे असलं मी तिच्या हातात कसं देऊ?"

मेधानं तिला दहा मिनिटं मागून घेतली आणि ग्लेनला फोन लावला.

"नो वरीज, मेधा," ग्लेन म्हणाला. "लोकांना फीचर आवडलंय. आणि खरं सांगायचं तर तिच्या फाइल्स आता करेक्ट आहेत."

"करेक्ट आहेत, ग्लेन. तोच प्रॉब्लेम आहे. तिच्या नवऱ्याला एक बोट नव्हतं."

"कुठलं?"

"उजवी करंगळी."

ग्लेन स्वतः जन्मभर बॅगपाइप वाजवत आलेला. तो अगदी हळू म्हणाला, "ओह, मेट." तेवढंच. फाइल्स मागे नेता येतील का, तर नाही, नव्या जुन्यावरच सेव्ह होतात. हे बटण आजच्या आज बंद कर, असं मेधा मालकाला म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याला काही कर म्हणण्याची ही पहिलीच वेळ, आणि तो निमूटपणे हो म्हणाला.

बटण बंद होईल, पण रॉक कसा परत आणायचा? मेधाला रडू यायला लागलं. लोकांच्या पत्रिका तपासणं वेगळं आणि मेलेल्या माणसाच्या हाताला हात लावणं वेगळं. ती तशीच स्क्रीनकडे बघत बसली, आणि बघता बघता तिला सुचलं. इतकं सोपं होतं की ती स्वतःवरच चिडली. रॉकला सगळ्यात खालचा सूर वाजवताच येत नव्हता. म्हणजे तो सूर जिथे जिथे दिसेल, तिथे तिथे तो आपण घातलेला. सगळे काढून टाकायचे. बस.

वेंडीनं तिला आपला स्क्रीन जोडून दिला. मेधानं पहिली फाइल उघडली, खालचा सूर शोधला, एकदम सगळे पुसले आणि वाजवायचं बटण दाबलं.

फोनवर काही क्षण नुसतं ते पत्र्याच्या डब्यासारखं वाजणं.

"हां," वेंडी म्हणाली. "हाच. आलास का रे मेल्या?"

मग बर्थडेचं झालं, बाप्तिस्म्याचं झालं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी वेंडी एकदम हसायची. मेधाचा जीव भांड्यात पडला. एवढंच नाही, तिला पुन्हा थोडा अभिमानही वाटायला लागला. खोड ती, सहजी कुठे जाते!

"आता शेवटचं," वेंडी म्हणाली. "रविवारचं. हे त्यानं हॉस्पिटलात केलं. पाइप नव्हता जवळ, लॅपटॉप मांडीवर घेऊन टाइप केलं. हे त्यानं कधी वाजवलंच नाही. मी कॉम्प्युटरवरच ऐकलंय, पण रोज."

मेधानं सूर पुसले. गाणं वाजलं. संथ होतं, आधीच्या गाण्यांपेक्षा फार संथ. मग ते थांबलं.

वेंडी हसली नाही.

"संपलं का?"

"हो, आंटी."

"नाही. असं नाही संपत. शेवटी एक लांब आहे. खाली जातो आणि तिथेच राहतो. कुठे गेला तो?"

मेधानं बघितलं. शेवटच्या ओळीत शेवटची जागा रिकामी होती. "तिथे खालचा सूर होता. मी काढला. आपलं ठरलंय ना, रॉकअंकलना तो वाजवता येत नव्हता."

"नव्हताच येत. पण होता तिथे. तुमच्या अपडेटच्या आधीपासून होता. मी वर्षभर ऐकतेय की."

"असं कसं होईल?" मेधा म्हणाली, आणि बोलता बोलता तिला आठवलं. टायडी अप फक्त कणस्वर घालायचं. चिमूटभर, डोळ्याला दिसेल न दिसेल असे. एवढा लांब, आख्खा सूर ते घालूच शकत नव्हतं. तो नियम तिनंच लिहून दिला होता.

"आंटी, हा आमच्या सॉफ्टवेअरनं नाही घातलेला. हा अंकलनीच लिहिलाय."

"पण तो वाजवणार कसा होता?"

मेधानं कर्सर त्या रिकाम्या जागेवर नेऊन ठेवला.

"मला म्हणायचा, ईस्टरला घरी येतो," वेंडी म्हणाली. "मी त्याचा पाइप पुसून, नवी दोरी लावून ठेवला होता. मला म्हणाला, बरं केलंस. आणि इकडे हा मेला दुसऱ्याच्या बोटांसाठी लिहून बसलेला. त्याला माहीत होतं गं. आणि मी रोज चहा पीत हे ऐकत बसले."

"आंटी, ल्यूसीला बोलवा ना घरी. कोणीतरी जवळ असू दे."

"येईल ती शिफ्ट संपली की. तू तो सूर परत घाल आधी. होता तसा. कमी नको, जास्त नको."

मेधानं तो हातानं घातला. वेंडी सांगेल तितका लांब केला, जरा जास्त होतोय म्हटल्यावर किंचित कमी केला. स्क्रीनवर लगेच चौकोन आला. इथे दुरुस्ती सुचवायची आहे, टायडी अप करू का? मेधानं 'नाही' दाबलं.

"वाजव पुन्हा," वेंडी म्हणाली. "पहिल्यापासून."

गाणं सुरू झालं. मेधाचा उजवा हात टेबलावर होता. त्याची करंगळी मुडपून तळव्यात गेली होती, कधी गेली ते तिला कळलंही नव्हतं. शेवटची ओळ आली, सूर एकेक पायरी खाली उतरायला लागला. मेधानं करंगळी उघडली आणि टेबलावर टेकवली. आवाज थांबेपर्यंत ती तिथून उचलली नाही.