खिळ्यावरचा चारशे सतरा

मी एक जुना पितळी बिल्ला आहे आणि मी कुणाचंही नशीब नाही. मित्रांनो, हे पहिल्याच दमात सांगून टाकतो, कारण इतकी वर्षं माझ्यावर हाच आळ घेतला गेला आहे. मी बिस्किटाएवढा गोल आहे. डोक्याला एक भोक आहे आणि पोटावर ४१७ हा आकडा ठोकलेला आहे. त्यापलीकडे माझ्यात काही नाही. कुणाला पटत नसेल तर त्याने मला दाताखाली चावून बघावं.

माझा जन्म मोंटानातल्या ब्यूट गावात, तांब्याच्या खाणीच्या लोहारखान्यात झाला. खाणीच्या तोंडाशी एक मोठा फळा होता आणि त्यावर ओळीने खिळे मारलेले होते. खाली उतरताना कामगार आपला बिल्ला काढून खिशात घालायचा आणि वर आला की पुन्हा टांगायचा. खिळा रिकामा असला, म्हणजे माणूस अजून खाली. एवढंच माझं काम होतं आणि ते मी कधी चुकवलं नाही.

माझा माणूस होता आर्वो लेहतिनेन. फिनलंडहून आलेला, दिवसाला चार वाक्यं बोलणारा. एका संध्याकाळी पाळी सुटली, सगळे वर आले आणि मुकादमाने फळा पाहिला. चारशे सतराचा खिळा रिकामा होता.

"अहो, तो आर्वो ना? टांगायला विसरला असेल," कुणीतरी म्हणालं. "एव्हाना घरी वाफेच्या न्हाणीत बसला असेल."

"खिळा रिकामा आहे की नाही?" मुकादम म्हणाला. "मग माणूस खाली आहे. चला, उतरा परत."

आर्वो कोसळलेल्या लाकडांमागे सापडला, मोडक्या पायाने, पण जिवंत. गावाने मला डोक्यावर घेतलं. लोक मला हात लावून जाऊ लागले, नशिबाचा बिल्ला म्हणू लागले. मला त्याची तेव्हाही चीड आली होती. आर्वो मात्र शहाणा होता. तो म्हणायचा, "मला बिल्ल्याने नाही वाचवलं. मोजणाऱ्याने वाचवलं." दुर्दैव असं, की त्याच्या मुलाने यातलं पहिलं ऐकलंच नाही आणि दुसरं त्याला समजलं नाही.

मुलाचं नाव रे. खाण बंद पडली, आर्वो गेला, आणि मी रेच्या हाती आलो. रे ट्रक दुरुस्त करायचा आणि ते काम त्याला फार छान यायचं. इंजिनाला तो कान लावायचा, तीनदा तपासायचा, मगच हात घालायचा. पण रविवारी दुपारी तो गावातल्या एका दारूच्या गुत्त्यामागच्या खोलीत पोकर खेळायचा आणि तिथे शिरताना आपली अक्कल बहुतेक कोटाबरोबर खुंटीला अडकवून ठेवायचा.

पोकरच्या टेबलावर एक रीत असते. आपल्या पालथ्या पत्त्यांवर काहीतरी जड ठेवायचं, म्हणजे हे पत्ते अजून खेळात आहेत हे पत्ते वाटणाऱ्याला कळतं. कुणी नाणं ठेवतं, कुणी गुळगुळीत दगड. रे मला ठेवायचा. कामात काही वाईट नव्हतं. माणूस खाली आहे हे सांगायचं, तसं पत्ते जिवंत आहेत हे सांगायचं. पण खेळण्याआधी तो माझा मुका घ्यायचा. किळस यायची मला!

मित्रांनो, मी सहा वर्षं त्याच्या पत्त्यांच्या पाठीवर बसलो आहे. माझ्याइतकं खरं कुणाला ठाऊक नाही. रे जिंकला की ती त्याची हुशारी असायची. हरला की पत्ते वाईट, खुर्ची वाईट, नाहीतर मी वाईट. समोर नॉर्डालबाई बसायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. एकदा त्यांनी चष्म्याला हात लावला, रे म्हणाला, "बाई थाप मारताहेत, हातात काही नाही त्यांच्या," आणि ते नेमकं खरं निघालं. त्यानंतर सात वेळा तो याच चष्म्यापायी तोंडघशी पडला. त्या सातही वेळा तो विसरला. ती एक मात्र तो गावभर सांगत फिरला.

शेवटी त्याने नोकरी सोडून लास वेगासला जायचं ठरवलं, कायमचा पोकर खेळायला. त्याची बायको डोरीन शाळेची बस चालवते. बर्फातही तिची बस कधी रस्ता सोडत नाही. तिने भांडण केलं नाही.

"येत्या रविवारची गुत्त्यातली स्पर्धा जिंक," ती म्हणाली. "जिंकलास तर मी स्वतः तुझी बॅग भरते. हरलास तर सोमवारी सकाळी मुकाट्याने गॅरेज. पुन्हा वेगासचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल! तू बॅग आत्ताच भरायला घे."

त्या रविवारी चार वाजेपर्यंत टेबलावर तिघं उरले: रे, नॉर्डालबाई आणि क्लीटस नावाचा लाकडाचा ट्रक चालवणारा. रे अगदी पत्ते वाटणारीला लागून असलेल्या खुर्चीवर होता. पत्ते वाटत होती लव्होन, जिचं अर्धं आयुष्य त्या टेबलाशी गेलं होतं. आणि रेला एक्क्यांची जोडी आली. याहून मोठे दोन पत्ते त्या खेळात नाहीत.

त्याने सगळ्या चकत्या, म्हणजे होते नव्हते ते पैसे, पुढे ढकलल्या. नॉर्डालबाईंनी चष्मा सारखा केला आणि तेवढ्याच चकत्या पुढे केल्या. आता फक्त क्लीटसचं ठरायचं होतं. एवढा वेळ गप्प बसणं, बस्स, एवढंच रेला करायचं होतं. पण त्याच्या अंगात आलं. त्याने मला उचललं आणि बोटांवर नाचवू लागला.

"बाई, तुमची खिम्याची पेस्टी गार होतेय, खाऊन घ्या," तो म्हणाला. "आता घरीच जायचंय तुम्हाला. हा बघा, चारशे सतरा! हा हरत नाही!"

मी ओरडलो असतो, पण पितळेला तोंड नसतं. क्लीटस म्हणाला, "मी नाही बाबा यात," आणि त्याने आपले पत्ते फेकले. ते घसरत घसरत रेच्या बिनवजनाच्या पालथ्या पत्त्यांना येऊन टेकले. लव्होनने सवयीने एकच हात फिरवला आणि चारही पत्ते बाद गठ्ठ्यात मिसळून टाकले.

"अगं! माझे होते ते! एक्के होते दोन!"

"असतील," लव्होन म्हणाली. "त्यांच्यावर काही नव्हतं. आपले पत्ते आपण सांभाळायचे, रे. नियम भिंतीवर लिहिलाय, त्याच्याखालीच बसलायस तू."

नॉर्डालबाईंनी आपली नऊची जोडी उलटी करून दाखवली आणि सगळ्या चकत्या ओढून घेतल्या. "आणि रे, माझ्या चष्म्याचं म्हणशील, तर मी तो सारखा करते, कारण तो घसरतो."

रेने मला भिंतीवर भिरकावलं. "दगा दिलास!" म्हणाला. मी! ज्याला त्याने जागेवरून स्वतःच्या हाताने उचललं होतं! माझ्या कडेला तेव्हा पोचा पडला, तो अजून आहे, आणि तो मी मिरवतो.

मला उचललं डोरीनने. ती त्याला न्यायला आली होती. घरी जाऊन तिने स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा ठोकला आणि मला टांगलं. सोमवारी सकाळी रे मला खिशात टाकून गॅरेजला गेला, संध्याकाळी येऊन त्याने परत टांगलं. असे महिने गेले.

तो बदलला असं समजू नका. "एक्के होते माझ्याकडे," हे तो अजून सांगतो. आणि परवा रविवारी, दुपारी, कोट घालून तो खिळ्यापाशी आला. त्याने मला काढलं.

डोरीन बटाटे सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आज गॅरेज बंद असतं. खिळा रिकामा दिसला, तर मी शोधायला येईन, रे. तू कितीही खाली असलास तरी येईन."

रेने माझा मुका घेतला नाही. मला परत टांगलं, कोट काढला आणि बटाटे सोलायला बसला.

तेव्हा मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत करू नका, माझ्या पाया पडू नका. आपल्या खिशातल्या नाण्यालाही तसं छळू नका. आमच्यात काही नाही. जपायचं असेल, तर घरी बसून खिळे मोजणाऱ्या माणसाला जपा. पुढच्या रविवारी रे पुन्हा येईलही कोट घालून. येऊ दे. मी इथे टांगलेला आहे आणि डोरीनची पाठ या खिळ्याकडे कधी नसते.