प्रविणभाऊंचे नऊ गुण

निलममॅडमनी सीईओपदाचा राजीनामा दिला. हे वाक्य विसरून जा, कारण अध्यक्षांनी तो आवक रजिस्टरला चढवूच दिला नाही. ऑफिसच्या मते काहीच घडलेलं नाही आणि मॅडम आत खुर्चीत बसल्या आहेत. खुर्ची रिकामी दिसते, तो डोळ्यांचा दोष.

मॅडम मूळच्या आशागडच्या. बारा वर्षं मुंबईत एका स्पोर्ट्स कंपनीत काढून त्यांनी इथे महिला कबड्डी लीग उभी केली. फायनल जिंकणाऱ्या सात पोरींना मुंबईच्या संघाचा वर्षाचा करार, हे मॅडमनी घरोघरी जाऊन आईबापांना सांगितलं होतं. मी त्यांचा ऑफिस असिस्टंट. बॅगा उचलायला सोबत होतो.

फायनल वेवजी विरुद्ध वाणगाव. उद्घाटनाची रेड रिवाजाप्रमाणे अध्यक्ष प्रविणभाऊंची. भाऊ वेवजीच्या बाजूने उतरले, एका हातात माइक, दुसरा हात पेढ्याने चिकट. "कबड्डी, कबड्डी, बेटा, कबड्डी" करत त्यांनी वाणगावच्या सातही जणींचे गाल धरले, सावकाश, एकेक. मान राखायचा म्हणून पोरी आपणहून आडव्या झाल्या. वाणगावच्या कॅप्टन रूपीने उठून गाल बाहीने पुसला, मग बाहीकडे बघितलं, मग ती बाही पाण्याखाली धरली.

खरा सामना वाणगावने एकतीस-अठ्ठावीस जिंकला. बोर्डावर वेवजी सदतीस.

"मनिष, हे काय?" मॅडमनी स्कोअररला विचारलं.

"सात टच, सगळ्या बाद म्हणून लोणाचे दोन. नऊ झाले ना. सॉफ्टवेअरला उद्घाटन कळत नाही, मॅडम."

"काढ ते."

"अध्यक्षांची सही लागेल."

अध्यक्ष शेजारीच हात चाटत होते. "नाय हां मॅडम. बावन्न वर्षांत पहिल्यांदा माझे पॉइंट पडलेत. आईने फेसबुकवर लाइव बघितलंय."

"भाऊ, तुम्ही तीनदा श्वास घेतला," रूपी म्हणाली. "मधे फोनपण उचललात."

"तो अर्जंट होता, बेटा."

"माझा करारपण अर्जंट आहे."

वेवजीची कॅप्टन सरिता म्हणाली, "आमाला नको असला कप." मग भाऊंनीच तो एका हाताने दिला आणि दुसऱ्या हाताने घेतला. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमची अख्खी कार्यकारिणी होती. मीही दोन वाजवल्या. त्या हातांनी रात्री जेवायला नको वाटलं.

ऑफिसात येऊन मॅडमनी मला कार्यकारिणीच्या नावे राजीनामा टाइप करायला बसवलं. शेवटचा परिच्छेद असा:

"सबब विनंती की, श्री. प्रविणभाऊ यांनी महिला गटाच्या अंतिम सामन्यात नऊ वैध गुण मिळवले असल्याने त्यांची वेवजी महिला संघात खेळाडू म्हणून तात्काळ नोंद घ्यावी. पात्रतेसाठी त्यांचे वजन पंधरा दिवसांत पंचाहत्तर किलोच्या आत आणवावे. सोमवारपासून पहाटे साडेपाचच्या सरावास ते गणवेशात हजर राहतील असे पाहावे. हे शक्य नसल्यास त्यांनी स्वहस्ते स्वतःस बाद ठरवून वाणगावच्या सात खेळाडूंचे करार आजच्या टपालाने रवाना करावेत, ही विनंती."