अर्धा शिक्का तिकिटावर, अर्धा पाकिटावर

मित्रांनो, मी एक चिमटी आहे. भुवया उपटायची नव्हे, काटा काढायची नव्हे, टपालाची तिकिटं उचलायची. वयानं म्हातारी झाले, अंगावरची चकाकी गेली, पण माझी दोन्ही टोकं अजून अशी जुळतात की मधून उजेड जात नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आज मी रागात आहे, आणि म्हातारी रागावली की लोक 'हिचं काही मनावर घेऊ नका' म्हणून तिला बाजूला सारतात. माझं मनावर घ्या.

पोलादाच्या एका पट्टीतून माझा जन्म झाला. त्या कारखान्यात डॉक्टर लोकांची हत्यारं बनत. पट्टी तापवायची, वाकवायची, टोकं चपटी करायची, आणि मग शेवटच्या बाकावर बसणारी एक बाई ती टोकं घासून गुळगुळीत करायची. घासून झाली की प्रत्येक चिमटी स्वतःच्या ओठावरून फिरवून बघायची. जराशी कड लागली की पुन्हा घासायला. "तिकिटाचा कागद ओठापेक्षा नाजूक," असं ती शेजारणीला सांगायची. इतक्या निगुतीनं मला घडवलंय. उगाच नाही मला ताठा.

मला विकत घेतलं दातांच्या एका डॉक्टरांनी. त्यांच्या दवाखान्यात चिमट्या रग्गड होत्या, पण त्या बिचाऱ्या दिवसभर लोकांच्या तोंडात. मी राहायची घरी, मखमलीच्या पिशवीत, आणि ती पिशवी काचेच्या कपाटात. त्या कपाटाला किल्ली होती, आणि किल्ली डॉक्टरांच्या कमरेला.

डॉक्टरांना नाद होता अमेरिकेच्या जुन्या तिकिटांचा. जुनी म्हणजे किती, तर आजोबांच्या आजोबांच्या काळातली. त्यातल्या सगळ्यात पहिल्या तिकिटांना कडेला दाते नसत. मोठ्या कागदावर ओळीनं छापलेली असायची आणि कातरीनं कापून द्यायची. डॉक्टर म्हणायचे, "दिवसभर दातच बघतो. संध्याकाळी तरी बिनदातांचं बघू द्या." हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता, की पाहुण्यांसमोर त्यांनी तोंड उघडायचा अवकाश, त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "हसून घ्या हो, म्हणजे ते पुढे जातील."

या बाई शाळेत फार गेल्या नव्हत्या, पण त्या घराचं सरकार त्याच. त्यांचं नि माझं पहिल्यापासून जमलं. आम्हा दोघींना काय धरावं नि काय सोडावं ते कळतं.

माझे भाग्याचे दिवस म्हणजे लिलावाचे. डॉक्टर मला कोटाच्या आतल्या खिशात घालून न्यायचे. लिलावाच्या आधी माल बघायला देतात. लांब टेबल, त्यावर दिवे, आणि दिव्याखाली माना खाली घालून बसलेली मोठमोठी माणसं, जणू परीक्षेला बसलीत. तिथंच मी ते पाकीट पहिल्यांदा उचललं. जहाजावरच्या एका सुतारानं दूरच्या गावी बहिणीला धाडलेलं. अक्षर वेडंवाकडं, शाई तपकिरी पडलेली, आणि उजव्या कोपऱ्यात विटकरी रंगाचं तिकीट, त्यावर कुणा पुढाऱ्याचा चेहरा. पण डॉक्टरांचा श्वास अडकला तो शिक्का बघून. पोस्टातल्या माणसानं गोल शिक्का असा हाणला होता, की अर्धा तिकिटावर उमटला आणि अर्धा पाकिटावर.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं यावरच आहे. शिक्का असा दोघांवर पडला, की ते तिकीट त्याच पाकिटावर बसून प्रवासाला गेलं होतं याची साक्ष होते. मागाहून कुणी आणून चिकटवलं म्हणायची सोय राहत नाही. नुसतं तिकीट दुसरीकडेही मिळेल. हे दोघं असे एकत्र पुन्हा मिळायचे नाहीत.

लिलाव सुरू झाला. डॉक्टरांनी हात वर केला तो खाली आणलाच नाही. पुढच्या रांगेतला एक टक्कलवाला तीनदा मागे वळून बघत राहिला, शेवटी कंटाळून त्यानं खिशातून काडी काढली आणि दात कोरत बसला. पाकीट आमचं झालं. घरी येताना डॉक्टर गाडीत एकटेच हसत होते.

आता माझ्या रागाचं मूळ सांगते.

डॉक्टरांना दोन मुलं. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. रविवारी सकाळी ते दोघांना समोर बसवून रोजच्या टपालातली साधी तिकिटं सोडवायला शिकवायचे. पाकिटाचा कोपरा कापायचा, ताटलीत कोमट पाणी घ्यायचं, कोपरा त्यात सोडायचा. "ओढायचं नाही. पाण्याला त्याचं काम करू द्यायचं." डिंक विरघळला की तिकीट आपोआप सुटतं. मग चिमटीनं उचलायचं, टिपकागदावर पालथं ठेवायचं, वर जाड पुस्तक. धाकट्याला हा खेळ फार आवडे. वडील खांद्याला खांदा लावून बसायचे ना.

थोरली मात्र एका रविवारी म्हणाली, "बाबा, मग कपाटातली पाकिटं तुम्ही का नाही सोडवत?"

असा प्रश्न विचारणारं लेकरू शंभरांत एक निघतं. डॉक्टरांनी काय करावं? कपाट उघडावं, ते पाकीट पोरीपुढे ठेवावं, शिक्का दाखवावा. पण ते म्हणाले, "ते मोठ्यांचं. तिकडे हात लावायचा नाही." आणि किल्ली चाचपून बघितली.

थोरली त्यानंतर दारात उभी राहून बघायची. पुढे मोठी झाली, नोकरीला लागली, स्वतःच्या पैशांनी स्वस्तातली जुनी पाकिटं घेऊ लागली आणि आपलं आपण शिकली. वडिलांना दाखवायला आणायची. ते म्हणायचे, "बरं आहे," आणि वर्तमानपत्र वर धरायचे.

मग डॉक्टरांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी मधोमध डाग आला, मग तो पसरला. शेवटी त्यांनी किल्ली कमरेची सोडली. आणि दिली कुणाला? धाकट्याला.

बाई म्हणाल्या, "अहो, थोरलीला त्यातलं कळतं."

"तिचं घर वेगळं. मुलगा आहे, त्याच्याकडेच जाणार."

"मला काय, मी आपली भाकरी थापते," बाई म्हणाल्या. ज्या स्वरात म्हणाल्या, त्यात निम्मं आयुष्य होतं.

मला तर कुणी विचारलंच नाही. धाकट्याच्या राज्यात मी पिशवीबाहेर पडले ती आरशासमोरच्या डब्यात गेले. त्याच्या बायकोनं माझ्याकडून भुवया उपटून बघितल्या. माझी टोकं चपटी, एक केस धरेन तर शपथ. तेव्हा ती म्हणाली, "काही कामाची नाही ही." मी. जिला ओठावर पारखून बाहेर सोडली होती ती मी.

एक दिवस डॉक्टर धाकट्याला म्हणाले, "ते सुताराचं पाकीट लिलावाला पाठवूया. मला दिसत नाही, मी ते अडकवून कशाला ठेवू? ज्याला दिसतं त्याच्याकडे जाऊ दे. पण जसं आलं तसंच जायला हवं. तेवढं बघ."

म्हाताऱ्याची एवढी एकच इच्छा होती.

धाकटा वाईट नाही हो. वाईट असता तर राग करणं सोपं होतं. लिलाववाल्याचा फोन आला, "माल स्वच्छ असू द्या, फोटो काढून यादीत छापायचाय." धाकट्यानं पाकीट बाहेर काढलं. कडेला मळकट, कोपऱ्यात तेलकट डाग. त्याला वाटलं, जसं आलं तसं म्हणजे न फाटता, स्वच्छ; बाबांचं काम आहे, बाबांनी शिकवलं तसं करूया. त्यानं हात साबणानं धुतले. परातीत कोमट पाणी घेतलं, हाताच्या कोपराला लावून बघितलं. मला डब्यातून शोधून काढलं, पुसलं. कोपरा कापला नाही, अख्खं पाकीट पाण्यात सोडलं. ओढलं नाही, पाण्याला त्याचं काम करू दिलं. बाकी रविवारचा धडा जसाच्या तसा. तो शीळ घालत होता.

मी ओरडले, मित्रांनो. पण पोलादाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? तिकीट सुटलं. शिक्क्याचा अर्धा भाग पाण्यावर तरंगत एकीकडे गेला नि अर्धा दुसरीकडे राहिला. इतकी वर्षं समुद्र, गाड्या, गोदामं, लिलाव, सगळ्यांतून जे एकत्र आलं, ते एका परातीत सुटलं. आणि उचलायला मीच.

लिलाववाला माल न्यायला आला, तेव्हा योगायोगानं थोरलीही माहेरी आली होती. टिपकागदावरचं तिकीट बघून ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"हे काय केलंस तू?"

"सोडवलं. नीट सोडवलं ताई, बघ ना, जरासुद्धा फाटलं नाही."

"अरे, याचं मोलच न सोडवण्यात होतं."

धाकट्याचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलं होतं का?"

लिलाववाल्यानं दोघांकडे बघितलं, भिंग लावलं आणि आवाज खाली आणला. "घाबरू नका. शिक्क्याच्या रेषा जुळवून डिंकाचा ठिपका लावला, की झालं. मी काही बोलणार नाही, तुम्ही काही बोलू नका. कोण बघतंय?"

"घेणारा बघेल," थोरली म्हणाली.

"त्याला काय स्वप्न पडणारेय?"

"आणि बाबांना तर दिसतच नाही," धाकटा पुटपुटला.

एवढं बोलणं झालं आणि दारात बाई उभ्या. हातात लाटणं नव्हतं, पण असल्यासारखं वाटत होतं. "दिसत नाही म्हणून फसवायचं? मग बहिऱ्याच्या कानात शिव्या घाल, पांगळ्याची काठी पळव. चल आत. तूच सांगायचंस." लिलाववाल्याला म्हणाल्या, "तुम्ही बसा. चहा मिळेल. अक्कल आमच्याकडे विकत मिळत नाही."

धाकट्यानं डॉक्टरांच्या पलंगाशी उभं राहून सगळं सांगितलं.  डॉक्टर इतक्या जोरात बोलले की शेजारच्या खोलीतल्या काचा थरथरल्या. "गाढवा, एवढंही कळलं नाही तुला? विचारायचं तरी होतंस."

"हिनं विचारलं होतं," बाई म्हणाल्या. थोरलीच्या खांद्यावर त्यांचा हात होता. "इथंच विचारलं होतं, एवढीशी असताना. तुम्ही किल्ली चाचपलीत. जिला जाणून घ्यायचं होतं तिला दारात उभी केलीत, आणि ज्याला काही पडलेली नव्हती त्याच्या हातात कपाट दिलंत. आता त्याच्यावर ओरडून घसा कशाला बसवता? तुम्ही अर्धंच शिकवलंत, त्यानं अर्धं शिकलेलंच केलं."

डॉक्टरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला त्यांची दया आली का? नाही आली. खरं तेच सांगते.

काही वेळानं ते म्हणाले, "तिकीट आहे ना शाबूत? थोरले, तू लाव. आणि यादीत छापायला सांग, तिकीट सुटलं होतं, परत लावलंय. माझ्या नावाखाली छापा."

"किंमत पडेल हो," लिलाववाला दारातून म्हणाला.

"पडू द्या. मी नको पडायला."

थोरलीनं मला हातात घेतलं. पहिल्यांदाच. तिचा हात हलला नाही. तिनं तिकीट उचललं, शिक्क्याची एकेक रेष जुळवली आणि ठेवलं. वरवर पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. पण यादीत छापलं होतं, आणि लिलावाच्या दिवशी भर सभेत मोठ्यानं वाचलं गेलं. थोरली फोन डॉक्टरांच्या कानाशी धरून बसली होती. वाचून झाल्यावर तिकडे कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली. हात कुणीच वर केला नाही. पाकीट परत आलं.

डॉक्टर म्हणाले, "कसं दिसतंय? कुणी तरी सांगा."

थोरली सांगू शकली असती. तिनं धाकट्याला बोलावलं, मला त्याच्या बोटांत दिलं आणि म्हणाली, "तू सांग बाबांना. शिक्का कुठून सुरू होतो, कुठं संपतो, सगळं."

"चिमटी दोन बोटांनी धर," बाई म्हणाल्या. "झारा नाही तो."

धाकटा वाकला. अडखळत सांगू लागला, शाईचा रंग, वेडंवाकडं अक्षर, तुटलेली रेष. मधेच थांबून त्यानं विचारलं, "ताई, ही रेष इथं जाड का आहे?" थोरली बाजूला बसली आणि सांगू लागली. डॉक्टर त्या दोघांकडे तोंड वळवून ऐकत होते. किल्ली कपाटालाच लटकत होती.

माझा राग गेला असं समजू नका. सुटलेलं ते सुटलेलंच, डिंकानं लावलं तरी. म्हणून मित्रांनो, तुम्हाला बजावते. मला कोरडं ठेवा, पुसून ठेवा, माझ्यावर भुवयांचे प्रयोग करू नका, हे तर आहेच. पण तुमच्या घरात कुणी लहान मूल एखाद्या बंद कपाटापुढे उभं राहून 'का' म्हणालं, तर त्याला हाकलू नका. कपाट उघडा, मला बाहेर काढा आणि त्याच्या हातात द्या. पडले, वाकले तर माझं मी बघून घेईन.