संशयितांच्या यादीत माया

बायकोवर नजर ठेवायला राजेंद्रला सरकारनंच मशीन दिलं, असं म्हटलं तरी चालेल. दोन हजार नऊ साली स्टेशनवरच्या पोलीस चौकीत चेहरे ओळखणारं मशीन चाचणीसाठी आलं आणि ते चालवायला कंत्राटावर हा. फोटो भरून ठेवायचा. तो चेहरा कॅमेऱ्यासमोर आला की बेल वाजायची.

त्याची बायको माया उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर. हल्ली तिच्या तोंडी उठताबसता तिथला विक्रांत. विक्रांत असं म्हणाला, विक्रांतनं सुकट आणली होती. भाजीत मीठ कमी पडलं तरी राजेंद्रला त्यात विक्रांतचा हात दिसायचा. जळक्या नवऱ्याचं डोकं असंच चालतं.

शेवटी त्यानं मायाचा फोटो मशीनला भरला. जयंतीला मोरिवलीच्या विहारापाशी त्यानंच मोबाइलवर काढलेला, पांढऱ्या साडीतला. मशीनमध्ये याद्या दोनच, बेपत्ता आणि संशयित. बेपत्तात टाकला असता तर पुढचा तमाशा टळला असता. पण गडी इतका तापला होता, की दुसरी यादी निवडून त्याला वर बरंही वाटलं.

मग रोज सव्वासहाला बेल वाजे आणि राजेंद्र ती घाईघाईनं बंद करी. पडद्यावर कामावरून परतलेली माया आणि विक्रांत स्टेशनच्या पुलाखाली पाच-सात मिनिटं हसत उभी. आवाज काही येत नसे. ती आपल्यासमोर अशी शेवटची कधी हसली, ते तो आठवत बसायचा. घरी विचारायची मात्र छाती नव्हती.

एका सोमवारी त्याला राहवेना. दोघांचं बोलणं ऐकायला तो सहालाच पुलाखालच्या स्टॉलमागे जाऊन उभा राहिला. नेमका त्या दिवशी विक्रांत रजेवर. माया एकटीच आली. तिकडे चौकीत बेल वाजली आणि हवालदार हरिचंद्र महिला पोलीस घेऊन धावत आला. भर गर्दीत मायाला दंडाला धरून नेलं. राजेंद्र स्टॉलमागून हलला नाही.

तो चौकीत शिरला तेव्हा माया बाकावर बसून पडद्यावरच्या पांढऱ्या साडीकडे बघत होती. मग तिनं त्याच्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं.

"बाई, मशीन उगाच बेल मारत नाय," हरिचंद्र म्हणाला. "तुम्हाला ओळखणारं कोण हाय का इथं?"

राजेंद्रनं तोंड उघडलं. 'माझी बायको आहे' एवढंच म्हणायचं होतं, पण मग फोटो कोणी भरला ते निघालं असतं आणि नोकरी गेली असती. त्यानं तोंड मिटलं.

मायानं थोडा वेळ वाट पाहिली.

"आहेत ना," ती म्हणाली. "आमच्या कारखान्यातले विक्रांत कांबळे. चिखलोलीला राहतात, लगेच येतील." आणि तिनं नंबर सांगितला. दहाच्या दहा आकडे तोंडपाठ.

"राजेंद्र, लाव रे फोन," हरिचंद्र म्हणाला.

राजेंद्रनं लावला.