तीन शिट्ट्या होईपर्यंत

मी एक जुना परीक्षेचा पॅड आहे, मित्रांनो. तपकिरी हार्डबोर्डाचं अंग, डोक्यावर लोखंडी चाप आणि पाठभर हळदीचे डाग.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. तिथे गुणाजी नावाचे कारागीर आमचे चाप ठोकायचे आणि प्रत्येकाला बाजूला ठेवताना म्हणायचे, "जा, पास हो!" मला वाटायचं, परीक्षा माझीच आहे.

घाटकोपरच्या दर्शनाकडे मी आलो तेव्हा ती दहावीत होती. तिची आई द्रौपदीबाई जालन्याकडची. तिला अक्षरओळख नव्हती, पण लेकीसाठी तिनं दुकानातले सगळे पॅड वाजवून बघितले आणि मला निवडलं. माझ्यावर कागद ठेवून दर्शनानं परीक्षा दिली, बुद्धविहारातल्या निबंध स्पर्धेत पहिला नंबर काढला. त्या दिवशी द्रौपदीबाईनं लेकीचा मुका घेतला आणि मलाही पदरानं पुसलं. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे दर्शनाला नोकरी लागली. लोकांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायचं काम. लिहिणं सुटलं. फोडणीचे शिंतोडे भिंतीवर उडू नयेत म्हणून मला गॅसच्या मागे उभं केलं गेलं. वीस वर्षं मी तिथेच होतो. मोहरी तडतडली की मला अर्धवट झोपेत वाटायचं, अक्षरंच उडतायत.

मग एका जानेवारीत दर्शना मुलुंडला एका आजोबांचं रक्त घ्यायला गेली. त्यांच्या चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली मिठागरं दिसत होती आणि त्यापलीकडे खाडीत उभे असलेले गुलाबी रोहित पक्षी. घरी येऊन तिनं ते सगळं आईला सांगितलं. मग उठून मला गॅसमागून काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि चापाखाली कोरा कागद लावला. कोपऱ्यात लिहिलं, 'रोज दोन पानं. तीन महिन्यांत बारा गोष्टी.'

मित्रांनो, पाचव्या दिवशी ते मोडलं. सहाव्या दिवशी तिनं मला उचललंसुद्धा नाही. आठवड्यानं तिच्याबरोबर काम करणारी सई घरी आली, तेव्हा तिनं कोपऱ्यातलं वाक्य वाचलं आणि हसत सुटली.

"यार दर्शना, सरकारी आदेश काढलायस का? दोन पानं काय, बारा गोष्टी काय!"

"मग काय करू? वेळच मिळत नाही गं."

"कुकर तर रोज लावतेस ना? तीन शिट्ट्या होईपर्यंत लिही. तिसरी झाली की पेन खाली. चार ओळी झाल्या तर चार."

तेव्हापासून रोज संध्याकाळी गॅसशेजारी उभ्या उभ्या दर्शना माझ्यावर लिहू लागली. मिठागरातल्या एका मुलीची गोष्ट. रोहित पक्षी तिला सांगतात, खाडीच्या तळाशी एक गाव आहे, तिथली दारं वरच्या बाजूला उघडतात. जेवताना दर्शना वाचायची, द्रौपदीबाई घास हातात धरून ऐकायची. काही दिवस कागद कोरा राहायचा. दुसऱ्या दिवशी दर्शना तिथूनच पुढे लिहायची.

पावसाळ्यात द्रौपदीबाई पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दर्शना मला पिशवीत घालून दवाखान्यात गेली. चार दिवसांत तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"आज काय लिवलंस?" द्रौपदीबाईनं विचारलं.

दर्शनानं मला वर धरलं आणि कोऱ्या कागदावर बघत वाचायला सुरुवात केली. ओहोटीला खाडी दुभंगली. मुलगी चिखलातून खाली उतरली. खाली कंदिलांसारखे मासे लटकत होते, आणि तिथली माणसं इतकी हळू बोलत होती, की एक शब्द ऐकू यायला अख्खी भरती जायची. कागदावर काहीच नव्हतं, आणि मला सगळं दिसत होतं.

ती थांबली. द्रौपदीबाई म्हणाली, "दर्शे, कागद कोरा हाय ना?"

"तुला कसं कळलं?"

"रोज वाचताना डोळे इकडून तिकडं जातात तुझे. आज जागीच व्हते." मग तिनं लेकीचा हात धरला. "लई ग्वाड सांगितलंस. पन ती पोरगी वर येती का गं? का तिथंच ऱ्हाती?"

ती कोणाबद्दल विचारत होती, हे दर्शनाला कळलं. मलाही कळलं.

"उद्या सांगते," दर्शना म्हणाली.

सकाळी द्रौपदीबाईला आत नेलं. दर्शना बाहेरच्या बाकावर बसली, मला मांडीवर घेतलं. आधी कालचं सगळं उतरवलं. मग पुढचं. इथे कुकर नव्हता, शिट्ट्या नव्हत्या. तरी पेन थांबत नव्हतं. मुलीनं एकेक दार वर ढकललं. अकरावं, शेवटचं दार जड होतं. दर्शनानं ते वाक्य तीनदा खोडलं, चौथ्यांदा ठेवलं.

दुपारी द्रौपदीबाईला बाहेर आणलं. डोळे मिटलेले, ओठ कोरडे. बऱ्याच वेळानं ते हलले.

"आली का वर?"

"आली गं आई," दर्शना म्हणाली. "केस ओले आहेत फक्त."

द्रौपदीबाई डोळे न उघडता हसली.

मित्रांनो, आता माझा एक कोपरा फुगलाय, चाप गंजलाय. तुमच्या घरीही कुठेतरी फ्रिजच्या वर, माठाच्या खाली माझं एखादं भावंड असेल. त्याला बाहेर काढा. कोरड्या फडक्यानं पुसा, चापाला खोबरेल तेलाचा थेंब सोडा. रोजचं लिहिणं तुमच्या दिवसात मावेल एवढंच ठरवा, आणि एखादा दिवस चुकला तर त्याच्यावर रुसू नका. फक्त चापाखाली एक कागद लावलेला असू द्या. वाट बघायची आम्हाला सवय आहे. पण कागद लावलेला असला की ती वाट फार सुखाची होते.