बाबांचा मेथीचा वाफा

"वर्तुळं कुठंयत?" मी विचारलं.

माझी मैत्रीण प्रीता या लॅबमध्ये काम करते; तिनं काचेची बशी खिडकीकडे धरली. मी दिलेल्या मातीतले जंतू तिच्यात पिवळट सायीसारखे दाट पसरले होते. वर अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या. प्रत्येक टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ पडायला हवं होतं. जंतू टिकल्यांना अगदी खेटले होते. एकीवर तर चढले होते.

"तेच दाखवायला बोलावलं. माती कुठली, यार?"

"बाबांच्या मेथीच्या वाफ्यातली."

इथले, अमेरिकेतले, डॉक्टर साध्या तापाला गोळी देत नाहीत, म्हणून बाबा दरवेळी नागपूरहून येताना बॅगेत अँटिबायोटिक आणायचे. आमच्या मॉरिसव्हिल गावात कुणाचं पोर तापलं की फोन यायचा, "उल्हासकाका, काही आहे का?" बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या परत यायच्या. मुदत संपली की बाबा कॅप्सूल उघडून त्या वाफ्यात रिकाम्या करत. कचऱ्यात टाकल्या तर एखादं जनावर खाईल, फ्लश केल्या तर पाण्यात जातील.

"औषधच आहे गं. मातीला काय बाधणार?" ते म्हणायचे.

मार्चमध्ये त्याच वाफ्यात खुरप्यानं त्यांचा अंगठा कापला, जखम चिघळली. हॉस्पिटलमध्ये औषधं बदलत गेली. आधी डॉक्टर प्रत्येक औषधाचं नाव सांगायचे. मग सांगेनासे झाले. बाबा घरी परत आलेच नाहीत.

"औषध आता विरलंही असेल," प्रीता म्हणाली. "पण त्याला पुरून उरायला जंतू जे शिकले, ते एकमेकांना देत राहतात. अनोळखी जंतूंनाही."

"बाबांना तिथूनच झालं?"

"ते या बशीवरून नाही सांगता येत." तिनं झाकणाला टेप लावली. "पण काकूंना तिथे हात घालू देऊ नकोस."

घरी आले तेव्हा आई वाफ्यापाशी उकिडवी बसून उघड्या हातांनी माती सारखी करत होती.

"आई, हात बाहेर काढ."

"थांब गं. यांनी काढून ठेवलेलं बी आहे. आत्ताच पेरलं."

मी सगळं सांगितलं. कॅप्सूलचं, बशीचं. ती आपल्या तळव्यांकडे बघत राहिली.

"म्हणजे, यांनी स्वतःच?"

"माहीत नाही, आई. कळणारही नाही."

"लोकांना नको सांगूस. काका काका करत यायचे सगळे."

ती आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा हात लाल झाले होते.

"सांग. मेथी सगळ्यांनीच नेलीय. फक्त, यांनी मुद्दाम नाही केलं, तेवढं सांग."

आम्ही वाफ्यावर काळं प्लास्टिक अंथरलं, कडेनं विटा ठेवल्या. आठवड्याभरात मी फोन करत गेले. काही जणांनी घाईनं फोन ठेवला. एकीनं विचारलं, "मग आता गोळ्या कुणाकडे मागायच्या?"

रविवारी चहा घेऊन मागच्या दारात गेले, तर आई वाफ्यापाशी उभी होती. हातात बाबांचे ग्लव्हज, त्यांनी कधीच न घातलेले, अजून लेबल लागलेले. वारा नव्हता. प्लास्टिक मधोमध वर उचललं होतं, खाली कुणी पाठ वाकवून बसल्यासारखं.

"उगवलीय," आई म्हणाली. तिनं प्लास्टिक उचलून पाहिलं नाही.