कारकून घरी येतो

अख्खं थिएटर हसत होतं आणि जाफर खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसला होता. शेजारच्या सतीशने त्याला कोपर मारलं.

"जाफरभाई, झोपले का?"

"बघतोय."

"मग हसा ना! कॉमेडी आहे ही."

सतीश नागपूरचा, इथे आखातात गाला भागातल्या वर्कशॉपचा इंजिनियर. जाफर तिथेच स्पेअरपार्टच्या काउंटरवर.

सिनेमा एका गाजलेल्या जपानी मालिकेवरून काढलेला. दूरच्या शहरात एकट्याची बदली झालेला कारकून, त्याचा रोज करपणारा भात आणि घरी जायची न संपणारी तयारी. जाफर ती हिंदीत बघायचा, आणि रत्नागिरीजवळच्या गावात त्याची बायको शकीलाही. फोन स्पीकरवर ठेवून दोघं "एक, दोन, तीन" म्हणत आणि एकदम बटण दाबत. तिचं नेट अडकलं की जाफर कारकुनाला भात ढवळता ढवळता थांबवून ठेवी. एकतीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेलं एवढंच. मुली सोडल्या तर.

पुढच्या महिन्यात जाफरची साठी. कंपनीच्या नियमाने नोकरी खलास, कायमचं गावी. सिनेमातला कारकूनही कायमचा घरी आला होता. बायको वाकून वाकून स्वागत करते. मग घरभर शोध, याला ठेवायचं कुठे? कपाटात तिच्या गाण्याच्या क्लासचे कपडे. जेवणाच्या टेबलाची त्याची बाजू भिंतीला टेकलेली. शेवटी गादी वॉशिंग मशीनशेजारी पडते, आणि मशीन फिरू लागलं की कारकूनही थरथरत थरथरत दारापर्यंत सरकतो.

हसून हसून सतीशच्या डोळ्यांतून पाणी आलं.

कुरुमच्या त्या थिएटरच्या पार्किंगमध्ये शकीलाचा फोन आला.

"काय झाला शेवटाला? आला काय घरी?"

"आला."

"मंग?"

"मग काय! सगळी खूश."

"अवो, त्याला झोपवला कुठं?"

"हे काय विचारणं?"

"तसा नाय. तुमच्या खोलीत आपल्या पोरीचा, उमामाचा शिलाईचा काम चालतो. दोन मशिनी हायत, गिऱ्हाइका येतात. बगू, काडू कायतरी रस्ता."

"मशिनी नको हलवूस," जाफर म्हणाला.

रविवारी सकाळी तो मालकाच्या केबिनमध्ये उभा राहिला.

"अर्बाब, अजून एक वर्ष."

"काउंटरवर नवा माणूस आलाय, जाफर."

"काउंटर नको. गोडाऊनमध्ये कुठेही चालेल."

"घरी बायको वाट बघत नाही?"

"बघते, इन्शाल्ला."

अर्बाबला भरून आलं. त्याने वर्ष वाढवून दिलं, वर्कशॉपमधल्या सगळ्यांना बोलावलं, जाफरच्या खांद्यावर हात ठेवला आणि कंपनीवर प्रेम कसं करावं हे या माणसाकडून शिका, म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जाफरनेही वाजवल्या.